लहान मुलांसोबत पहिला परदेश प्रवास : बडोद्यातील पालकांसाठी मार्गदर्शन

बडोद्यातील मराठी घरांत परदेशी नातलग असणे आता नवलाचे राहिलेले नाही. कोणाची आत्या न्यू जर्सीत असते, कोणाचा मामा लंडनमध्ये, तर कोणाचे काका-काकू नोकरीनिमित्त दुबईत स्थायिक झालेले असतात, आणि घरात मूल चालू-बोलू लागले की "एकदा घेऊन या त्याला" असा आग्रह सुरू होतो. मूल पाच-सहा वर्षांहून लहान आहे आणि परदेशी जाण्याची ही पहिलीच वेळ आहे, अशा आईवडिलांसाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. प्रवासाचा आराखडा पाहण्याच्या ठिकाणांपासून सुरू करू नये, मुलाच्या झोपेपासून आणि जेवणापासून सुरू करावा. पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचना याच एका तत्त्वातून निघालेल्या आहेत.

कोठे आणि केव्हा जावे

गुजरातमधील शाळांना दिवाळीची सुट्टी सुमारे तीन आठवडे असते आणि उन्हाळ्याची सुट्टी मुख्यतः मे महिन्यात येते. मोठे भावंड शाळेत जात असेल, तर निवड याच दोन सुट्ट्यांमधून करावी लागते. मे महिन्यात दुबईचा पारा चाळीस अंशांच्या आसपास असतो आणि लहान मूल घेऊन दुपारी बाहेर पडणे शक्य होत नाही. याउलट युरोपात तेव्हा हवा सुखद असते आणि संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड राहतो. दिवाळीत हे चित्र उलटे होते. आखाती देशांत हवा निवळू लागते आणि युरोपात दिवस लहान, ओलसर व थंड होतात.

पहिल्या प्रवासासाठी अंतरापेक्षा वेळेतील फरकाचा विचार अधिक करावा, असे माझे मत आहे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि सिंगापूर अडीच तास पुढे, त्यामुळे मुलाचे झोपेचे चक्र दोन-तीन दिवसांत जुळते. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, तर न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, म्हणजे तेथे दिवस आणि रात्र जवळजवळ अदलाबदल होते. शरीर साधारणपणे दिवसाला एका तासाच्या गतीने नव्या वेळेशी जुळवून घेते. म्हणून अमेरिकेला दहा दिवसांसाठी जाऊन येणे मुलाच्या दृष्टीने फारसे सुखाचे नसते. जायचेच असेल, तर आत्याकडे निदान तीन-चार आठवडे राहण्याच्या तयारीने जावे.

पासपोर्ट : या कामाला सर्वाधिक वेळ द्यावा

मूल महिन्याचे असो वा पाच वर्षांचे, त्याला स्वतंत्र पासपोर्ट लागतोच. आईच्या पासपोर्टवर मुलाचे नाव लिहून प्रवास करण्याची पूर्वीची पद्धत आता राहिलेली नाही. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र असल्याने या कामासाठी अहमदाबादला जावे लागत नाही. लहान मुलांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १००० रुपये आहे आणि आठ वर्षांखालील मुलांच्या नव्या अर्जाला त्यात दहा टक्के सवलत मिळते. पंधरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षे वैध असतो. अनेक देश प्रवासाच्या वेळी निदान सहा महिन्यांची वैधता शिल्लक मागतात, त्यामुळे त्याचा प्रत्यक्ष उपयोग साडेचार वर्षांचाच धरावा.

अर्ज अडतो तो बहुधा जन्मदाखल्यापाशी. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालतो. बाळाचे नाव बारशानंतर ठरते आणि जन्माची नोंद त्याआधीच झालेली असते, म्हणून पुष्कळ दाखल्यांवर नावाची जागा कोरी राहते. जन्मनोंदीनंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालून घेता येते, आणि ते काम तेव्हाच उरकावे. आपल्या मराठी घरांत आणखी एक अडचण उभी राहते. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची प्रथा काही कुटुंबांत अजून आहे, त्यामुळे आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव आणि मुलाच्या दाखल्यावर सासरचे, असा प्रकार होतो. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगचेही तसेच असते. गायकवाड हे आडनाव राजघराण्याच्या वळणाने 'जी-ए-ई' असे लिहिणारी घरे आहेत आणि 'जी-ए-आय' असे लिहिणारीही आहेत, आणि एकाच घरात आजोबांचे एक व नातवाचे दुसरे असेही आढळते. आईवडिलांचे पासपोर्ट, मुलाचा दाखला आणि पुढे तिकीट या सर्वांवर एकच स्पेलिंग, एकाच क्रमाने असले पाहिजे. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लिहायचे की नाही, हे एकदाच ठरवावे आणि नंतर त्यात बदल करू नये.

चार वर्षांखालील मुलाचे छायाचित्र आपण सोबत न्यावे लागते. ते ४.५ बाय ३.५ सेंटिमीटरचे आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे हवे. तान्ह्या बाळाचा फोटो काढण्याची सोपी रीत अशी आहे : खिडकीजवळ, चांगल्या उजेडात गादीवर पांढरी, सुरकुती नसलेली चादर अंथरावी, त्यावर बाळाला उताणे निजवावे आणि सरळ वरून फोटो काढावा. एकाने बाळाच्या डोळ्यांसमोर खुळखुळा धरावा, म्हणजे नजर कॅमेऱ्याकडे राहते. चित्रात कोणाचा हात दिसू नये आणि काळ्या तिटेने चेहऱ्याचा भाग झाकला जाऊ नये. अर्जासोबत आईवडील दोघांच्या सह्यांचे 'अनेक्शर डी' हे संमतिपत्र लागते. दोघांचे पासपोर्ट वैध असतील, तर मुलासाठी पोलीस पडताळणी सहसा होत नाही.

व्हिसा, संमतिपत्र आणि विमा

बहुतेक देशांच्या व्हिसासाठी बडोद्याच्या लोकांना अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागते. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, व्हिसासाठी बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. सहा वर्षांखालील मुलांना व्हिसा शुल्क नाही, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि प्रौढांना ९० युरो पडतात. हे दर जून २०२४ पासूनचे आहेत आणि त्याशिवाय व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे द्यावे लागते. ब्रिटनच्या व्हिसासाठी पाच वर्षांवरील मुलांचे ठसे घेतले जातात. नियम बदलत राहतात, म्हणून त्या त्या दूतावासाचे अधिकृत संकेतस्थळ पाहूनच अर्ज भरावा, शेजाऱ्यांना गेल्या वर्षी काय अनुभव आला यावर विसंबू नये.

आईवडिलांपैकी एकच जण मुलाला घेऊन जात असेल, किंवा मूल आजी-आजोबांसोबत जात असेल, तर उरलेल्या पालकांचे नोटरी केलेले संमतिपत्र जवळ ठेवावे. व्हिसा देताना ते मागितले गेले नसले, तरी सीमेवर विचारणा होऊ शकते. त्यात प्रवासाच्या तारखा, राहण्याचा पत्ता आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक स्पष्ट लिहावेत.

प्रवास विमा शेंगेन देशांसाठी सक्तीचाच आहे आणि तो किमान ३०,००० युरोंचा लागतो. इतर बऱ्याच देशांसाठी सक्ती नसली, तरी मुलासोबत विम्याशिवाय जाऊ नये, विशेषतः अमेरिकेला. तेथील वैद्यकीय खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातो. काही योजनांत तान्ह्या मुलांसाठी वयाची किमान अट असते, ती आधी वाचावी, आणि मुलाला दमा किंवा फिट येण्याचा पूर्वेतिहास असेल तर तो अर्जात लपवू नये.

तिकीट काढताना

दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसून प्रवास करू शकते. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे भाडे बहुधा प्रौढांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते, मात्र त्याला आसन मिळत नाही. प्रवासादरम्यान त्याचा दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीसाठी आसन घ्यावे लागते. लहान बाळासाठी पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो. त्याची वजनमर्यादा पुष्कळ विमान कंपन्यांत दहा-अकरा किलोच्या आसपास असते आणि पाळणे मोजकेच असतात, त्यामुळे तिकीट काढल्याच्या दिवशीच फोन करून तो मागावा. मुलांचे जेवणही आधी नोंदवावे लागते. शाकाहारी घरांनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण 'चाइल्ड मील' म्हणून येणाऱ्या ताटात कोंबडी किंवा अंडे असू शकते.

बडोद्याहून निघताना अहमदाबाद की मुंबई हा प्रश्न प्रत्येक घरात चर्चिला जातो. दोन्ही भाडी जवळपास सारखी असतील, तर लहान मुलासाठी मी अहमदाबादच सुचवेन. बडोद्याच्या दुमाड चौकडीहून द्रुतगती महामार्ग लागतो, तो ९३ किलोमीटरचा आहे आणि विमानतळापर्यंत सुमारे दोन-अडीच तासांत पोहोचता येते. दुबई, दोहा, अबू धाबी, सिंगापूर येथे तेथून थेट विमाने आहेत. मात्र त्यांपैकी बरीच मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. अशा वेळी मुलाला संध्याकाळी लवकर जेवू घालावे, झोपेचे कपडे चढवावेत आणि गाडीत झोपू द्यावे. नवरात्रीच्या दिवसांत गरबा सुटण्याच्या वेळी शहरातून बाहेर पडायला बराच वेळ लागतो, तो हिशेबात धरावा.

मुंबईहून जाणार असल्यास बडोद्यातील हरणीच्या विमानतळावरून मुंबईचे वेगळे तिकीट काढण्याचा मोह होतो. दोन तिकिटे वेगवेगळी असतील, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, शिवाय सामान पुन्हा द्यावे लागते आणि टर्मिनलही वेगळे असू शकते. त्यापेक्षा रेल्वेने आदल्या दिवशी बोरिवलीला उतरून नातलगांकडे रात्र काढणे मुलाला अधिक मानवते. वाटेत विमान बदलायचे असेल, तर मधले अंतर किमान अडीच-तीन तासांचे असू द्यावे. एका तासात मुलाला शौचाला नेणे, पुन्हा तपासणी आणि लांबचे गेट हे सारे बसत नाही.

खाऊची पिशवी

हा भाग आपल्या घरांत आजी सांभाळते, म्हणून त्यातील नियम आजीलाही आधीच समजावून सांगावेत. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस व दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड आणि कढवलेल्या तुपाची बरणीही चालत नाही. लहान बाळासाठीची दूधपावडर याला अपवाद आहे. ती माणशी दोन किलोपर्यंत, सीलबंद डब्यात आणि फ्रीजमध्ये ठेवावी न लागणारी असावी. ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ आगमनपत्रिकेत जाहीर करावा लागतो आणि न केल्यास जबर दंड होतो.

खसखशीबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दिवाळीच्या फराळातील अनारसे खसखशीवर थापलेले असतात आणि काही घरांच्या मसाल्यांत, करंजीच्या सारणात ती असते. दुबईच्या काकूंसाठी प्रेमाने भरलेला फराळाचा डबा यामुळे गंभीर अडचणीत टाकू शकतो. म्हणून फराळ स्वतः उघडून पाहावा आणि शंका असलेला पदार्थ घरीच ठेवावा.

मुलासाठी उपयोगी पडतात ते कोरडे, भाजलेले पदार्थ. मेतकूट, नाचणीचे सत्त्व, भाजणी, कुरमुरे, आणि बडोद्यात सहज मिळणारे साधे खाखरे यांवर मुले परक्या ठिकाणी दोन-तीन दिवस आनंदाने काढतात. मुक्कामी स्वयंपाकघर असेल असेच घर घ्यावे आणि छोटा विजेचा कुकर सोबत न्यावा. मऊ भात आणि मेतकूट हे जेवण दहा मिनिटांच्या लक्षाने तयार होते. दिवसभर नव्या चवींना नकार देणारे मूल रात्री ओळखीचा वास आला की पोटभर जेवते आणि शांत झोपते. घरून नेलेल्या पदार्थांच्या जोडीला त्याच्यासमोर तेथील फळे, दही, पाव ठेवत राहावे, मात्र आग्रह करू नये.

औषधे

मुलाच्या डॉक्टरांकडून प्रवासाआधी त्याच्या सध्याच्या वजनाप्रमाणे तापाच्या औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावी. चमच्यात किंवा मिलिलिटरमध्ये घेतलेली नोंद पुरेशी नाही. पॅरासिटामॉलच्या सिरपची तीव्रता सर्वत्र सारखी नसते. आपल्याकडेच ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे आणि २५० मिलिग्रॅमचे अशा दोन्ही बाटल्या मिळतात, तर अमेरिकेत ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम असते. त्यामुळे परदेशात घेतलेल्या बाटलीतून घरच्या सवयीने चमचा मोजल्यास मात्रा चुकते. ओआरएसची पाकिटे, मापाची सिरिंज, थर्मामीटर आणि नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. खोकल्याची कोडीनयुक्त (कोडीन हे अफूपासून मिळणारे द्रव्य) औषधे आखाती देशांत नेऊ नयेत. विमानात मूल झोपावे म्हणून सर्दीचे किंवा ॲलर्जीचे औषध देण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नये. काही मुले अशा औषधाने उलट अधिक चिडचिडी आणि अस्वस्थ होतात.

केनियासारख्या देशांत जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीची चौकशी वेळेवर करावी. ही लस नऊ महिन्यांवरील व्यक्तींना देतात, ती अधिकृत केंद्रातच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते. भारतात परतताना ते नसेल, तर विलगीकरणात राहावे लागू शकते.

विमानात

सुरक्षा तपासणीत शंभर मिलिलिटरची मर्यादा असली, तरी प्रवासापुरते बाळाचे दूध, अन्न आणि औषध नेऊ देतात. ते वेगळे काढून दाखवावे. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, पण उतरल्यावर ती दारातच मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे विमानतळानुसार बदलते. म्हणून कडेला बांधायची झोळीही जवळ असावी.

कान दुखणे हे मुलांच्या रडण्याचे मोठे कारण असते. मधल्या कानापासून घशाकडे जाणारी नळी मुलांत अरुंद असल्यामुळे दाब पटकन सारखा होत नाही. त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो. विमान उतरण्याच्या सुमारे अर्धा तास आधीपासून खाली येऊ लागते. त्या वेळी झोपलेल्या बाळाला जागे करावे लागले तरी करावे आणि अंगावर पाजावे, बाटली द्यावी किंवा मोठ्या मुलाला घोटघोट पाणी द्यावे. सर्दीने नाक पूर्ण चोंदलेले असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. विमानातील हवा फार कोरडी असते, म्हणून एरवीपेक्षा अधिक वेळा पाणी पाजावे.

रडणाऱ्या मुलामुळे आईवडिलांना शरमल्यासारखे होते. तसे वाटून घेण्याचे कारण नाही. आळीपाळीने एकाने मूल सांभाळावे आणि दुसऱ्याने खरोखर झोपावे. दोघेही जागत राहिले, तर उतरल्यावर कोणाच्याच अंगात त्राण उरत नाही.

तेथे पोहोचल्यावर

पहिले दोन दिवस मोकळे ठेवावेत. पश्चिमेकडे गेल्यावर मूल पहाटे तीन-चारला जागे होऊन खेळू लागते. त्याला दिवा न लावता, हळू आवाजात गोष्ट सांगावी, काही खायला द्यावे आणि सकाळ होताच उजेडात बाहेर न्यावे. दिवसाचा उजेड हाच नव्या वेळेशी जुळण्याचा सर्वांत प्रभावी उपाय आहे.

त्यानंतरही दिवसाला एकच ठरलेले ठिकाण ठेवावे, तेही सकाळी. दुपारची झोप मुक्कामी परतून व्हावी. यामुळे यादीतील निम्म्या जागा राहून जातात, हे खरे आहे, आणि मोठ्यांना त्याची चुटपुट लागते. पण मुलाला आनंद देणाऱ्या गोष्टी त्या यादीत क्वचितच असतात. बागेतल्या लहान गाडीतून उतरायला तयार नसलेले मूल स्वित्झर्लंडच्या दुमजली रेल्वेतील खेळण्यांच्या डब्यात तासभर रमते आणि बाहेरच्या बर्फाच्छादित शिखरांकडे पाहतही नाही. लंडनमध्ये भुयारी रेल्वेतून अकरा वर्षांखालील मुले मोठ्यांसोबत विनामूल्य जातात आणि नॅचरल हिस्टरी म्युझियमला प्रवेशशुल्क नाही. त्यामुळे अर्ध्या तासात मूल कंटाळले, तरी पैसे वाया गेल्याचे वाटत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येते.

मोटारीतील आसनाचा नियम आपल्याकडील सवयीपेक्षा फार वेगळा आहे. ब्रिटनमध्ये बारा वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत आणि जर्मनीत बारा वर्षे किंवा १५० सेंटिमीटरपर्यंत मुलाला योग्य चाइल्ड सीट लागते. विमानतळावर न्यायला येणाऱ्या मामांना मुलाचे वजन व उंची आधीच कळवावी. मांडीवर घेऊन बसण्याचा आग्रह त्यांना करू नये. मुलाला सीटची सवय नसेल, तर निघण्याआधी काही आठवडे येथेच रोजच्या फेऱ्यांत ती लावावी.

स्वच्छतागृहात बहुतेक पाश्चात्त्य देशांत पाणी नसते, कागदच असतो. नुकतेच डायपर सुटलेले मूल अशा ठिकाणी अडून बसते. लहान बाटली आणि ओले रुमाल पिशवीत कायम ठेवावेत.

गर्दीच्या जागी जाण्याआधी रोज सकाळी मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो मोबाईलवर काढून ठेवावा, म्हणजे चुकामूक झाल्यास वर्णन सांगत बसावे लागत नाही. मनगटावरील पट्टीवर देशाच्या संकेतांकासह दूरध्वनी क्रमांक लिहावा. आपत्कालीन क्रमांक युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९ आणि अमेरिकेत ९११ असा आहे. तो आजी-आजोबांच्या फोनमध्येही नोंदवून ठेवावा.

परत आल्यावर

शाळा सुरू होण्याच्या निदान तीन-चार दिवस आधी परतावे, कारण झोपेचे चक्र येथेही नव्याने जुळवावे लागते. परतल्यानंतरच्या काही आठवड्यांत मुलाला ताप आला, तर कोणत्या देशांत गेला होता हे डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगावे. व्हिसाच्या प्रती, विम्याची पावती, लसीचे प्रमाणपत्र आणि संमतिपत्र एकाच फाईलमध्ये ठेवून द्यावे. पुढच्या व्हिसा अर्जात आधीच्या प्रवासाचे तपशील मागितले जातात आणि मुलाचा पाच वर्षांचा पासपोर्ट मोठ्यांच्या पासपोर्टच्या बराच आधी संपतो, म्हणून त्याच फाईलच्या पहिल्या पानावर त्याची अंतिम तारीख ठळक अक्षरात लिहावी.